अवसाईचं पत्र

"वरशिअर, ही टोपी कुणाची सांगा."

हौसाक्कानं टोपी माझ्या टेबलावर ठेवली, नेमकी चहाच्या कपाशेजारी. टोपी धुतलेली होती, कडक इस्त्रीची होती आणि तिचा रंग जुन्या पत्र्याच्या बादलीसारखा होता.

"एखाद्या कामगाराची असेल," मी म्हणालो.

"उलटी करा."

मी टोपी उलटी केली. आतल्या पट्टीवर बिब्ब्यानं काढलेली खूण होती. दोन उभ्या रेघा आणि त्यावर एक ठिपका.

"दोन रेघा म्हंजे वरली आळी. ठिपका म्हंजे हिंदूराव आप्पा. सरपंचाची टोपी हाय ही. आन् पांढरी हाय."

"पांढरी?"

"मी पांढरीच धुतली. तुमच्या डोंगरानं तिला ह्यो रंग दिला."

मी शिंगरवाडीच्या दगडखाणीवर लागून तेव्हा आठ महिने झाले होते. मिरजेहून डिप्लोमा करून आलो होतो. नेमणुकीच्या कागदावर सुपरवायझर असं लिहिलेलं होतं, पण गावात त्या कामाला वरशिअर म्हणत आणि माणसालाही तेच. माझं खरं नाव त्या गावात फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

घोडटेक नावाच्या डोंगराच्या कुशीत आमची खाण. खाली खडीचा क्रशर, त्याच्या खाली ओढा आणि ओढ्याच्या काठावर हौसाबाई परिटाचे धुण्याचे तीन दगड. नवरा गोव्याला कुठल्याशा हॉटेलात चादरी धुवायला गेला होता आणि दर गणपतीला 'या वर्षी येतो' म्हणून कळवत होता. इथे अख्ख्या गावाचं धुणं हौसाक्का एकटी धूत होती. तिला अक्षर म्हणून वाचता येत नव्हतं. पण चाळीस घरांच्या चाळीस खुणा तिच्या डोक्यात होत्या. एक बिब्बा, एक सुई, आणि कुणाचं धोतर कुणाकडे गेलं असं त्या गावात कधी घडलं नाही.

पाऊस नसला की ओढा आरशासारखा. सर आली की खाणीतला मुरूम, खडीची भुकटी, सगळं पाण्याबरोबर सुटायचं आणि तासाभरात ओढा सिमेंटच्या घोळासारखा व्हायचा. खाण मोठी होत गेली तसा गाव करडा होत गेला. पंचायतीच्या सभेला नऊ सभासद पांढऱ्या कपड्यात बसत आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटे की राखेतून उठून आलेत.

"मग दुसरीकडं धुवा की," मी म्हणालो. हे वाक्य मी डिप्लोमाच्या जोरावर म्हणालो होतो.

हौसाक्का खाली बसली. "दसऱ्याला मळाईची पालखी निघती. देवळापासनं शिवंपर्यंत पायघड्या कुणाच्या?"

"तुमच्या."

"माझ्या सासूच्या सासूपासनं आमच्या. पालखी परिटाच्या पांढऱ्या कापडावरनं चालती. गेल्या दसऱ्याला पायघड्या अंथरल्या तर आप्पा म्हनले, हौसा, ह्या घोंगड्या हायत का पायघड्या? सगळ्या गावाम्होरं. आन् म्हनले, येत्या खेपंला अशाच दिसल्या तर मान तालुक्याच्या लॉन्ड्रीला दिऊ." तिनं टोपी परत सुलटी करून ठेवली. "धुनं गेलं तर दुसरं काम बघीन. मान गेला तर काय बघू?"

दसऱ्याला नऊ आठवडे होते.

मी शेटना भेटलो. मल्लूशेट मेणसे हे खाणीचे मालक. गृहस्थ मनानं वाईट नव्हते, फक्त त्या मनापर्यंत पोचायला वेळ लागायचा.

"शेट, खाणीतलं पाणी तसंच ओढ्यात जातंय."

"मग कुठं जायला पायजे?"

"आधी ते अडवायला हवं. वरून डोंगराचं जे स्वच्छ पाणी येतं ते खाणीत शिरूच द्यायचं नाही, कडेनं चर खणून बाजूला काढायचं. आणि खाणीतलं जे गढूळ पाणी आहे त्याच्यासाठी खाली तीन कप्प्यांचं तळं. पहिल्या कप्प्यात जाड गाळ बसेल, दुसऱ्यात बारीक, तिसऱ्यातून निवळलेलं पाणी पाइपानं ओढ्यात."

शेटनी सगळं शांतपणे ऐकलं. "वरशिअर, पाणी वरनं खाली जातं. हे तुमच्या कॉलेजात शिकवलं होतं का न्हाई?"

"शिकवलं होतं."

"मग आता जाऊ द्या त्याला."

बाहेर येऊन मी हौसाक्काला एक चिठ्ठी टाईप करून दिली. खाणीच्या फाटकातून टाईप केलेल्या परवानगीशिवाय कुणाला सोडायचं नाही असा शेटचा नियम होता आणि तिला रोज यायचं होतं. ऑफिसात एक मराठी टाइपरायटर होता. त्याचं 'स' हे अक्षर कुठल्याशा जुन्या अपघातानंतर ओळीत बसायचं सोडून अर्धा बोट वर उडायचं. 'सौ. हौसाबाई परीट यांस आत सोडावे' या एवढ्या वाक्यात ते चार वेळा उडालं.

हौसाक्कानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "ह्ये पोरगं मधनंच उड्या का मारतंय?"

"मशीन जुनं आहे."

"असू दे. खून चांगली हाय," ती म्हणाली आणि चिठ्ठी कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज मांजरपाटाची वीतभर पट्टी ओढ्यात बुडवून, पिळून आणायची आणि माझ्या खिडकीच्या तारेला अडकवायची. "आजचं पानी." एवढंच बोलायची. आठवड्यात तारेवर सात पट्ट्या झाल्या, सात छटांच्या, राखेपासून चिखलापर्यंत. प्रयोगशाळेत पाण्याचा गढूळपणा मोजायला काचेची नळी आणि दिवा लागतो. इथे एक पट्टी पुरत होती, आणि ती वाचायला डिप्लोमाही लागत नव्हता. शेट एकदा आले, तारेकडे बघून म्हणाले, "पंधरा ऑगस्ट होऊन गेला की. पताका काढा आता."

त्यानंतरच्या मंगळवारी पत्र आलं.

खाकी पाकीट, वर गोल शिक्का, शाई फुटलेली. शेटनी ते स्वतः फोडलं, वाचलं, परत वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्यांचा चेहरा टोपीच्या रंगाचा झाला होता.

"मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. "प्रादेशिक खाणजल संथन कक्ष. विषय : अवसादन तलावाबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सूचित करण्यात येते की, सदर खाणीतून स्रवणारे सांद्र जल ओढ्यास मिळण्यापूर्वी त्रिस्तरीय अवसादन तलावात संथ करण्यात यावे. तसा फलक सदर स्थळी लावण्यात यावा. अवसादित द्रव्याचे सातत्याने निष्कासन न झाल्यास सक्त कारवाईस सामोरे जावे लागेल."

 बाहेर क्रशर तेवढ्यात बंद पडला.

"ह्याचा अर्थ काय?" शेटनी विचारलं.

"तळं खणायचं, शेट. तीन कप्प्यांचं. मी म्हणत होतो तसं."

"तुम्ही म्हणत होता ते मला कळलं होतं," शेट म्हणाले. "हे कळत न्हाई. म्हणजे हे फार वरनं आलंय." त्यांनी पत्र दोन्ही हातांनी उचललं. "हे ऑफिस कुठं असतं?"

"प्रादेशिक आहे."

"प्रादेशिक म्हणजे?"

"प्रदेशात."

शेटनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी पत्राला काचेची चौकट करून आणवली आणि लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी भिंतीवर लावली. कुणी तपासणीला आलंच तर आदर दिसावा म्हणून. संध्याकाळी हौसाक्का पट्टी अडकवायला आली तेव्हा चौकटीसमोर थांबली. पदरानं काच पुसली. वाचता न येणारं माणूस एखाद्या कागदाकडे बघतं त्यापेक्षा पुष्कळच जास्त वेळ ती तिथे उभी होती.

"छान हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं आणि गेली.

काम सुरू झालं. डोंगराच्या कडेनं चर निघाला, पोकलेननं तीन कप्पे खणले, कप्प्याकप्प्यात दगडी बांध घातले. गणपती बसले तेव्हा तळं भरत होतं आणि गणपती उठले तेव्हा पहिली पट्टी ताकासारखी निघाली. नंतरची नुसती पांढरी. हौसाक्कानं ती तारेला न लावता माझ्या टेबलावर ठेवली आणि घडी घालून तिच्यावर पेपरवेट ठेवला. तिच्या पद्धतीनं ते प्रशस्तिपत्र होतं.

राहिला होता फलक.

गावात पाट्या रंगवणारा एकच माणूस, बंडू पेंटर. त्याचं नाव ट्रकच्या मागच्या फळीवर झालेलं. मी त्याला कागदावर 'अवसादन तलाव' लिहून दिलं. बंडू अक्षरं काढायचा ती हत्तीच्या पावलाएवढी. 'अवसा' काढून होईपर्यंत पत्र्याची तीन चतुर्थांश रुंदी संपली होती.

"पुढचं बसत न्हाई," तो म्हणाला.

"मग खालच्या ओळीत लिही."

"खालच्या ओळीत दोन पोपट काढलेत."

"पोपट कुणी सांगितले होते?"

"पोपट मी काढतोच," बंडू म्हणाला. त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं. "आन् 'अवसा' एवढंच बरं दिसत न्हाई वो, उघडंबोडकं वाटतंय. एक ई टाकू का? जागा हाय तेवढी."

मला ओढ्याच्या पाइपाला जाळी बसवायची घाई होती. मी म्हणालो, टाक.

माझ्या आयुष्यात मी एका अक्षराला दिलेली ती सर्वांत महागडी परवानगी. पाटी उभी राहिली. लाल अक्षरात 'अवसाई' आणि खाली दोन पोपट चोचीत चोच घालून. शिंगरवाडीत अमावास्येला अवस म्हणतात. पाटी लागली ती भाद्रपद संपताना आणि चौथ्या दिवशी सर्वपित्री अवस होती.

त्या दिवशी दुपारी मी तळ्यावर गेलो तर काठाला पाच नारळ, हिरव्या बांगड्या आणि एक खण. पाटीला हळदकुंकू. एक म्हातारी पहिल्या कप्प्याकडे तोंड करून हात जोडून उभी होती. तिला मी विचारलं, आजी, हे काय?

"अवसाई हाय न्हवं," ती म्हणाली. "अवसंची आई. आधी हितंच हुती म्हनं. खानीनं झाकली हुती, आता वर आली."

त्याच संध्याकाळी सरपंच आले, पांढऱ्या टोपीत. त्यांनी तळ्याला प्रदक्षिणा घातली, नारळ वाढवला आणि आपल्या कारकिर्दीत देवी प्रकट झाल्याबद्दल थोडं बोलले. श्रोते म्हणून मी, बंडू आणि दोन पोपट होतो.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. घटस्थापनेच्या सकाळी हौसाक्का पट्टी घेऊन आली आणि गंमत संपली. पट्टी फिकट राखाडी होती.

"तळं चालंना व्हय?"

मी पळत गेलो. पहिला कप्पा काठोकाठ गाळानं भरला होता, दुसरा अर्धा. अशा तळ्याचा हाच एक दुर्गुण असतो. ते गाळ धरतं, म्हणून ते गाळानं भरतं. वेळच्या वेळी उपसलं नाही तर वरून पाणी येतं तसं खाली जातं. परतीच्या पावसाचे ढग रोज दुपारी घोडटेकावर येऊन उभे राहत होते. दसऱ्याला नऊ दिवस.

मी पोकलेन बोलावला. पोकलेनवाल्यानं पाटी बघितली, चप्पल काढली आणि मशीन बंद केलं.

"देवीच्या अंगावर दात चालवू व्हय मी?"

फावडी घेतलेले कामगार आले, बघितलं, फावडी काठावर उभी करून गेले. मी सरपंचांकडे गेलो. आप्पा झोपाळ्यावर बसले होते.

"वरशिअर, नवरात्र बसलंय. घट बसलेत. आणि तुम्ही देवीला खणायला सांगताय."

"आप्पा, ती देवी नाही. ते गाळाचं तळं आहे. अवसादन म्हणजे गाळ खाली बसणं."

"असं म्हणू नका," आप्पा म्हणाले. रागानं नव्हे, काळजीनं. "तुम्ही परगावचे. पोटाला काही झालं तर दवाखाना लांब आहे."

मग मी हौसाक्काकडे गेलो. ती ओढ्यावर नव्हती. घरासमोर पायघड्यांचं कापड पसरून बसली होती. चाळीस वार पांढरं मांजरपाट, अजून न धुतलेलं, कडेला सगळीकडे बिब्ब्याची तिची स्वतःची खूण. एक लहान गोल.

"आक्का, चूक झाली," मी म्हणालो. "तळं बांधलं ते तुमच्यासाठी, आणि आता तेच तुमच्या आडवं आलंय. पाटी मी पुसून टाकतो."

"पाटी पुसलासा तर गाव तुमाला पुसंल." ती हसली. "देवी आली, येऊ दे की. देवी आली म्हंजे तिचं कापड आलं. कापड आलं म्हंजे परीट आला. आजची तिथी कुठली?"

"प्रतिपदा."

"अष्टमीला आरतीला या. आन् शेटच्या भिंतीवरलं त्ये पत्र घिऊन या. चौकटीसकट."

"पत्र कशाला?"

"देवीचं पत्र हाय न्हवं त्ये," ती म्हणाली आणि बिब्ब्यात सुई बुडवली.

अष्टमीच्या दिवशी दुपारच्या आरतीला तळ्याच्या काठावर निम्मा गाव होता. आरती संपली आणि हौसाक्का उठून सरपंचांसमोर उभी राहिली.

"आप्पा, एक इचारू? मळाईचं लुगडं कोन धुतं?"

"परीट. तुम्हीच की."

"मळलं म्हंजे धुतोय का न्हाई? का देवीचं हाय म्हनून तसंच ठेवतोय?"

"धुताय की."

"मग हिचं लुगडं कुठलं?" तिनं तळ्याकडे हात केला. "ह्ये पानीच न्हवं हिचं लुगडं? बघा की रंग. नवरात्रात देवीला मळक्या लुगड्यात बसवलीया. गावाला काय शोभा हाय का?"

बायकांत कुजबुज झाली. सगळ्यांनी पाण्याकडे बघितलं. पाण्याचा रंग खरोखरच सांगण्यासारखा नव्हता.

"पण खणायचं म्हणजे..." आप्पा अडखळले.

"मी काय सांगनार, अडानी बाई. देवीचं पत्र आलंय. शिकलेल्या मानसानं वाचावं."

मी चौकट पुढे केली. आप्पांनी टोपी सारखी केली आणि सभेत वाचतात त्या आवाजात वाचायला लागले. "सदर खाणीतून स्रवणारे सांद्र जल..." दुसऱ्या ओळीलाच एका म्हातारीनं हात जोडले. 'त्रिस्तरीय' आलं तेव्हा सगळ्यांनी जोडले. 'अवसादित द्रव्याचे सातत्याने निष्कासन न झाल्यास सक्त कारवाईस सामोरे जावे लागेल' यापाशी आप्पा थांबले. त्यांनी घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"वरशिअर, द्रव्य म्हणजे?"

अख्खा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. हौसाक्का मात्र लांबच्या डोंगराकडे.

"प्रसाद," मी म्हणालो.

"आणि निष्कासन?"

"प्रत्येक घरानं आपल्या हातानं काढून घरी न्यायचा."

"कधी?"

"सातत्याने."

 आप्पांनी धोतराचा काष्टा वर खोचला, गाळ भरायला एक रिकामी पाटी घेतली आणि पहिल्या कप्प्यात उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. वर आले तेव्हा त्यांच्या कपड्यांचा रंग इतकी वर्षं हौसाक्का ज्याच्याशी झगडत होती नेमका तोच होता, पण त्या दिवशी कुणी तिला त्याबद्दल बोललं नाही.

त्यानंतर गाव उतरला. बायका, म्हातारे, पंचायतीचे नऊ सभासद, झाडून सगळे. पाट्या, घमेली, दुधाच्या किटल्या. कुणी गाळ परसात टाकला, कुणी अंगण सारखं केलं, कुणी नारळाच्या बुडाशी घातला. शेटनी घाईघाईनं विचारलं, मशीन देऊ का? एक म्हातारी म्हणाली, देवीला मशीन लावताय व्हय?  शेटनी चप्पल काढली आणि एक पाटी स्वतः उचलली, अर्धीच भरलेली. अष्टमीची दुपार आणि नवमीची सकाळ, दोन कप्पे खालच्या खडकापर्यंत स्वच्छ झाले. पोकलेनला तीन दिवस लागले असते.

नवमीला दुपारी तीन वाजता घोडटेकावर आभाळ फुटलं.

मी छत्री घेऊन पाइपाच्या तोंडाशी उभा होतो. छत्रीचा उपयोग एवढाच की हातात काहीतरी होतं. खाणीतून लाल करडा लोंढा आला आणि पहिल्या कप्प्यात पडला. तिथे घोंघावला, फिरला, संथ झाला. बांधावरून दुसऱ्यात उतरला तो दुधाच्या चहासारखा. तिसऱ्यात काय होतंय ते पावसात दिसत नव्हतं. हौसाक्का डोक्यावर पोतं घेऊन खाली, पाइपाच्या धारेत उभी होती. तिच्या हातात पट्टी होती. तिनं ती धारेत धरली, पिळली, आणि माझ्याकडे न बघता वर उंच धरली.

एवढ्या पावसातसुद्धा ती पांढरी दिसत होती.

संध्याकाळी तिनं चाळीस वार कापड त्याच ओढ्यात धुतलं.

दसऱ्याला मळाईची पालखी निघाली. देवळापासून शिवेपर्यंत पायघड्या अशा पांढऱ्या की त्यांच्यावर पाय ठेवायला भोई कचरत होते. आप्पा पालखीच्या बाजूनं चालत होते. खाली बघत बघत चालले, अर्ध्या वाटेवर थांबले.

"हौसा, नीळ कुठली वापरलीस?"

"अवसाईची," हौसाक्का म्हणाली आणि मागचं कापड गुंडाळून पुढं अंथरायला पळाली.

पुढच्या उन्हाळ्यात मला कराडला दुसरी नोकरी लागली. मग आणखी दुसऱ्या. मधे एकतीस वर्षं गेली. गेल्या साली कामानिमित्त त्या बाजूला गेलो होतो म्हणून वाट वाकडी केली.

खाण कधीच बंद झाली आहे. घोडटेकावर गवत आलं आहे, करवंदीच्या जाळ्या आल्या आहेत. चर मात्र अजून आहे, आणि तळंही. त्याच्या काठाला आता फरशीचा ओटा, पत्र्याचा मंडप. अष्टमीला गाळाची जत्रा भरते, दर घरानं एक पाटी गाळ न्यायचा असा दंडक आहे. मंडपात मूर्ती नाही. पोपटांची पाटी आहे, तीनदा रंगवलेली. आणि तिच्याखाली, हार घातलेली, कुंकवानं माखलेली काचेची चौकट.

पुजारी तरुण होता. "हे देवीचं मूळ पत्र," तो मला म्हणाला. "फार पुरातन आहे. भाषा बघा, आता असं कुणाला लिहिता येत नाही."

मी हात जोडले. वाचलं. प्रादेशिक खाणजल संथन कक्ष. असं ऑफिस तेव्हा नव्हतं आणि माझ्या माहितीप्रमाणे अजूनही नाही. शिक्का मी कोल्हापुरात एका रबरस्टँपवाल्याकडून करून घेतला होता. शेटनी त्या पत्राला घाबरून दिलेलं लेखी उत्तर पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. ते माझ्या ट्रंकेत आहे.

हौसाक्का मंडपाच्या मागं बसली होती. केस मांजरपाटासारखे पांढरे. धुणं आता सून करते, मशीनवर. पायघड्या मात्र अजून ती स्वतः ओढ्यात धुते.

"वरशिअर," ती म्हणाली. मी कोण हे सांगायची वेळच आली नाही. "म्हातारं झालासा."

"आक्का, एक सांगायचं राहिलं होतं. ते पत्र..."

"तुमीच लिवलासा." ती सुपारी कातरत होती, कातरतच राहिली. "त्यात काय सांगायचं?"

"कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोन. शेटच्या भिंतीवर बघितलं त्याच दिशी कळलं. मला वाचाय येत न्हाई वो. पन चाळीस घरांची कापडं खुनंवरनं वळखतोय मी. माझ्या चिठ्ठीत ज्ये पोरगं उड्या मारत हुतं, त्येच त्या कागदात हिकडनं तिकडं उड्या मारत हुतं. इस-पंचीस येळा."

स. सदर, सांद्र, सातत्य, सक्त. मी ती भाषा निवडली होती कुणाला कळू नये म्हणून, आणि प्रत्येक शब्दात माझी खूण काढून ठेवली होती.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"परिटानं कुनाच्या कापडाचं कुनाला सांगू ने," ती म्हणाली. सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. "आता आलायसा तर एक काम करा. कागद पार पिवळा पडलाय, कुंकवानं अक्षरं दिसंनात. पोरगं वाचतंय त्ये अंदाजानं वाचतंय. दुसरा टायप करून द्या."

"देतो की."

"आन् त्यो उडी मारतोय त्यो तेवढा तसाच उडवा. न्हाईतर लोक म्हनतील खोटं हाय."

त्याला दीड वर्ष होत आलं. मी मिरज, सांगली, कोल्हापूर, सगळीकडच्या जुन्या बाजारांत तसं मशीन शोधतो आहे. मशीनं मिळतात. पण कुठल्याही मशीनवर बसून पहा, सगळे 'स' ओळीत गपचूप बसतात.